वर्करने मागायचं नसतं

—नाही, त्या फटीतून बघू नकोस. इकडे बघ. काचेला आतून कागद लावलाय तो उगाच नाही लावलेला. आपल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, पण म्हणून सारखं बघत बसायचं असं नाही ना. ती बसलीये, बसू दे, बाक बसायलाच ठेवलाय. तू खुर्ची घे. ती नको, ती पाहुण्यांची — ही घे, हिचा एक हात निघालाय पण बसता येतं. हं. तर काय नाव म्हणालास? उत्तरेश्वर. अरे वा. देवाचं नाव. कुठले तुम्ही — केज? म्हणजे बीडकडचे. बरं बरं. नाही, नाव चांगलं आहे, फक्त लांब आहे, परदेशातल्या कॉन्फरन्सला बॅजवर मावायचं नाही — पण तिथवर जायला तुला अजून अवकाश आहे, तेव्हाचं तेव्हा बघू. आणि 'व्हय मॅडम' नाही म्हणायचं इथं, 'हो मॅडम' म्हणायचं. मला चालतं रे, मी काही तसली नाही, पण डिपार्टमेंटमध्ये लोक हसतात. हसते मीही, पण मी मागून हसते.

दारावरची पाटी वाचलीस ना? का नुसताच आत आलास? 'दार वाजवू नये. बोलावल्यावर यावे. बोलावले नसल्यास, का बोलावले नसावे याचा विचार बाहेर बसून करावा.' मीच लिहिलीये. लोकांना वाटतं, पुणेरी विनोद — विनोद कसला डोंबलाचा, ही माझ्याकडची कामाची पद्धत आहे. पीएचडीच्या मुलाने माझ्याकडे वेळ मागायचा नसतो. मेसेज टाकायचा नसतो. 'मॅडम, दोनच मिनिटं' हे तर अजिबात नाही, या दोन मिनिटांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लंय. सकाळी यायचं, बाकावर बसायचं, मला वेळ झाला की मी हाक मारते. सगळ्यांची पाळी येते. ज्याची आली नाही त्याने समजायचं की अजून आली नाही, एवढं साधं आहे. आज तुला आल्या आल्या आत घेतलं ते तू फार मोठा लागून गेलास म्हणून नाही — मला तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय. सांगते, सांगते, घाई काय आहे? आधी तुझा विषय काय आहे ते तरी कळू दे तुला.

मास्टर आणि वर्कर. पुस्तकात वाचलं असशील, पुस्तकात फार अवघड करून लिहितात. समज, एक भलंमोठं काम आहे आणि त्याचे हजारो तुकडे केलेत. एक मशीन मास्टर — ते तुकडे वाटतं. बाकीची सगळी वर्कर — तुकडा घ्यायचा, करायचा, गप्प बसायचं. प्रश्न एवढाच, की वाटायचं कसं. एक पद्धत म्हणजे पंगतीत वाढतात तशी. ह्याच्या पानात एक, त्याच्या पानात एक, असं शेवटच्या पानापर्यंत जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. कुणी पानावरून मान वर करायची नाही. आणि दुसरी पद्धत अशी, की वर्करने मागायचं — 'माझं झालं, पुढचं द्या.' झालं की हाक, झालं की हाक. आता यातली चांगली कुठली? नाही, तू नको सांगू, मीच सांगते. हे सगळं आपण खऱ्या मशीनवर करतो का? छे. हजार मशीन आणून देणार कोण आपल्याला? इथं लॅबमधल्या पंख्याला रेग्युलेटर मिळत नाही. आपण एक फाइल लिहितो — इतकी मशीन, हिचा वेग एवढा, तिचा तेवढा, मधून अशी वायर गेलेली — आणि सिम्युलेटर तेवढं सोंग बरोब्बर वठवतो. एका लॅपटॉपच्या पोटात हजार वर्कर राबतात आणि आपला चहा संपायच्या आत हिशेब हातात. फार गुणी असतात ते. थकत नाहीत, घरी जातो म्हणत नाहीत. मास्टरने 'काम संपलं' असा निरोप धाडायचा राहिला ना, तर बिचारे तसेच वाट बघत बसतात, युग लोटलं तरी. तिचा पहिला प्रोग्रॅम असाच अडकला होता — बाहेर बसलीये तिचा. निरोप धाडायलाच विसरली होती. मी म्हटलं, बाई, त्यांना सोड तरी.

ते शिल्ड दिसतंय? कपाटावरचं. धूळ नाही बघ त्याच्यावर, यमुनाबाई रोज पुसतात — आमच्या शिपाईणबाई. माझ्या पेपरला मिळालंय. त्यात मी दाखवलं होतं, की पंगतीची पद्धत सरस. मागणारे वर्कर नुसते वेळ खातात, निरोप येतात काय, जातात काय, त्यात काम राहतं बाजूला. शेवटचं वाक्य मी म्हटलं, 'मास्टरने द्यावं, वर्करने मागू नये' — सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. त्याच पेपरवर मी प्रोफेसर झाले. मुलाखतीला जे तज्ज्ञ आले होते ते म्हणाले, सुनीतीताई, ही नुसती मशीनची गोष्ट नाही, हे जगण्याचं सूत्र आहे. आता तज्ज्ञ म्हणाले म्हटल्यावर असणारच.

आता ती. तेजस्विनी बनकर. हडपसरची, शेतकऱ्याघरची — म्हणजे आता शेत कुठलं, शेतात टॉवर उभे राहिले, भाऊ स्कॉर्पिओ फिरवतात, पण एवढं शिकलेली घरात ही एकटीच. हुशार आहे. हे मी तिच्यासमोर कधी बोलले नाही, बोलायचंही नसतं, डोक्यावर बसतात. मी तिला म्हटलं होतं, माझा पेपर घे आणि पुढं वाढव. वाढव म्हटलं होतं — उकर नव्हतं म्हटलं. आणि एक दिवस मला कॉरिडॉरमध्ये गाठलंन. केबिनमध्ये नाही आली, कारण मी बोलावलं नव्हतं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुणी नाही ना याची खात्री केली, आणि अगदी हळू म्हणते, 'मॅडम, आपल्या फाइलमध्ये सगळ्या मशीनचा वेग सारखाच पडलाय.' आपल्या म्हणाली, बरं का. तुमच्या नाही म्हणाली. एवढी गोड.

तर पडला सारखा, मग? एका मशीनची ओळ लिहायची, तीच खाली चिकटवत जायचं, नावं बदलायची — वेग बदलायचा राहून जातो घाईत, कुणाचं होत नाही असं? म्हणजे माझं झालं असं मी म्हणत नाही हं, फाइल तशी होती. आणि सगळेच सारखे जलद असले तर पंगतीत वाढणंच बरं, मागण्यात अर्थ काय — हे शेंबडं पोरही सांगेल. असं ती म्हणाली नाही, पण मला दिसत होतं ना तिच्या तोंडावर. तिने काय केलं, वेग खरे घातले. काही मशीन जलद, काही मंद, जशी जगात असतात तशी. की झालं सगळं उलटं. पंगतीत सगळे त्या एका मंद वर्करची वाट बघत बसलेत, आणि मागणारे कधीच हात धुऊन मोकळे. थोडाथोडका फरक नाही. मी स्वतः चालवून बघितलं — घरी, खोलीचं दार लावून. पुन्हा बघितलं. मग मशीन बंद केलं आणि ह्यांना म्हटलं, मला आज जेवायला नको. — हे इथं बोललेलं इथंच राहील ना? राहील. तू सांगणार कुणाला, तुला इथं ओळखतं कोण.

मी अडवून धरली नाही हो तिला. मी म्हटलं, चौथं प्रकरण तेवढं काढ, बाकी सगळं छान आहे, मंजुरी देते. शहाण्याला शब्दाचा मार. पण नाही. 'मॅडम, आकडे खरे आहेत.' मी म्हटलं, खरे आहेत ते मला कळतं, काढ म्हणतेय ते तुला कळतंय का? तर म्हणते, 'मग आपण दुरुस्ती छापू या, तुमचं नाव पहिलं ठेवू.' माझीच चूक जगाला दाखवायची आणि वर माझंच नाव पहिलं — हात दाखवून अवलक्षण! त्या दिवसापासून मी तिला बोलावलं नाही. आणि आज तिची शेवटची मुदत आहे. पाच वाजता विद्यापीठाचं पोर्टल बंद होतं. त्याच्या आत माझी मंजुरी गेली तर ही प्रबंध देणार, आणि तिकडे फ्रान्समध्ये हिच्यासाठी जागा धरून ठेवलीये म्हणे, तिकडे उडून जाणार. नाही गेली तर नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात. एक बटण आहे फक्त, हे बघ, याच स्क्रीनवर — हात नको लावूस! लांबून बघ.

तिला माहितीये ना हे सगळं, म्हणून तर सकाळपासून बसलीये. जेवायला उठली नाही, न जाणो, तेवढ्यात हाक मारली तर. मघाशी यमुनाबाई तिच्यासाठी चहा घेऊन निघाल्या होत्या, मी म्हटलं, ठेवा तो. पण दार वाजवत नाही बघ. सहा वर्षांत एकदाही वाजवलं नाही. प्रबंध कशावर, तर वर्करने मागावं! अडीचशे पानं सिद्ध केलंय, की मागणाऱ्याचं काम आधी होतं. आणि स्वतः बसलीये बाकावर, मांडीवर हात ठेवून. हसू नाही येत तुला? मला येतं.

आणि असं तोंड पाडून बसू नकोस माझ्यासमोर. मी काय आभाळातून पडले? मी नाही बसले? आमच्या सरांच्या दाराबाहेर तर बाकही नव्हता, स्टूल होतं, त्याचा एक पाय आखूड. आठवा महिना होता मला. पाय सुजायचे, चपला काढून पाय फरशीवर टेकवून बसायचे, गार लागायची फरशी, बरं वाटायचं. सर जाता-येता म्हणायचे, 'अरे, अजून आहात?' आणि मी हसायचे — काय करणार? घरचे म्हणायचे, आत जा, सांग की बरं वाटत नाही म्हणून. मी म्हणायचे, बोलावतील ना. आणि त्या दिवशी दुखायला लागलं, सकाळीच लागलं होतं, तरी मी आपली — आता बोलावतील, आता बोलावतील, एवढं झालं की जाऊ — नंतर झालं ते झालं. त्याचा स्टुलाशी काही संबंध नाही. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या तसं, कुणाच्याही बाबतीत होतं म्हणाल्या. मुलगी होती. — तर सांगायचा मुद्दा, घरून परत आले आणि सरांनी पहिल्याच दिवशी आत बोलावून सही केली. न मागता. मी मागायला गेले असते तर मिळाली असती? कधीच नसती. मला मागावं लागलं नाही, आणि ही कोण लागून गेली? हिचं असं काय दुखतंय?

काय म्हणत होते मी? ती बाटली दे इकडे. माझी, टेबलावरची.

हं. तर काम. अगदी सोपं आहे. मी आज दुपारनंतर अर्धी रजा टाकलीये. अर्ज सकाळीच ऑफिसात गेला. म्हणजे कागदोपत्री मी आत्ता इथं नाहीच, तू एका रजेवरच्या बाईसमोर बसलायस. फक्त तिला तेवढं कळवायचं राहिलंय. तू बाहेर जायचं आणि म्हणायचं, 'मॅडम लॅबमधून मागच्या जिन्याने गेल्या.' बास. जास्तीचं एक अक्षर नाही. आता पाच वाजत आलेत, डीनकडे धावत गेली तरी काही व्हायचं नाही. आणि उद्या कुणी विचारलंच, तर सांगायला माणूस पाहिजे ना, की निरोप दिला होता — कुणी दिला? उत्तरेश्वरने दिला. यमुनाबाईंना सांगून बघितलं मी. नाही म्हणाल्या. 'मला खोटं बोलायला लावू नका, पोरगी उपाशी बसलीये.' उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण त्यांची नोकरी पर्मनंट आहे, त्यांना परवडतं. तुझी आहे का? तुझा रुजू झाल्याचा कागद या टेबलावर आहे, माझी सही झाल्याशिवाय तुझी फेलोशिप सुरू होत नाही. धमकी नाही देत, वस्तुस्थिती सांगतेय. हडपसरच्या कंपनीतली नोकरी सोडून आलास ना तू? घरी सांगून आलास ना, की आता नावापुढे डॉक्टर लागणार?

आणि तुझ्या फायद्याचं पण आहे रे यात. तिचा सगळा कोड लॅबच्या मशीनवर आहे, तो तुझा. तू तिच्या चौथ्या प्रकरणापासूनच सुरू करायचं — वेग खरे घालून. मास्टरने वाटणं अपुरं पडतं, वर्करने मागावं, हे आपण दाखवायचं. माझ्याच जुन्या पेपरचा पुढचा टप्पा म्हणून. तुझं नाव, माझं नाव. तिची नोंदणीच राहिली नाही म्हटल्यावर कुणाचं काय घेतलं म्हणणार कोण? — काय? तिने तर नाव पहिलं ठेवायला दिलंच होतं, मग हे कशाला, असं म्हणायचंय ना तुला? तोंड उघडलं नाहीस पण दिसतंय मला. हो, दिलं होतं. दिलं होतं, हेच तर खुपतंय. हडपसरची पोर मला माझं नाव देणार? मला कुणी काही द्यायचं नाही, उत्तरेश्वर. द्यायचं ते मी देते.

ऊठ. शर्ट नीट खोच. तिच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, कपाळाकडे बघायचं, समोरच्याला कळत नाही. आणि 'गेल्या' म्हण नीट, 'गेल्यात' नाही. जा.

—

—आलास? दार लाव. पूर्ण लाव. सांगितलंस? मी सांगितलं तसंच ना? बरं. काय म्हणाली? मोठ्याने बोल, पंखा आहे. 'बरं' म्हणाली? नुसतं बरं? रडली नाही, काही नाही? मी म्हटलं नव्हतं तुला, असल्या मुली काही करत नाहीत. ऑफिसात पण नाही गेली ना? गेटकडे गेली. छान. मग एवढा वेळ काय करत होतास बाहेर? — तुला विचारलं? काय विचारलं? नवीन का म्हणून. मग? जेवलास का म्हणून. अरे देवा. आणि? नाही, काहीतरी आहे, तुझ्या तोंडावर आहे, बोल. बोल ना! — गोळी? कसली गोळी? — माझी पाचची बीपीची गोळी डाव्या ड्रॉवरमध्ये आहे. ती मी विसरते. हो, विसरते, सहा वर्षं तीच आठवण करते, त्यात काय एवढं? बाहेरूनच करते, दाराआडून. मग? — 'आत जाऊन त्यांना द्या' म्हणाली?

आत जाऊन म्हणाली? तू सांगितल्यावर? मी मागच्या जिन्याने गेले हे सांगून झाल्यावर म्हणाली?

म्हणजे तिला माहीत होतं. मी इथं आहे, ऐकतेय, हे माहीत होतं. आणि तरी वाजवलं नाही. हात उचलायचा होता नुसता. एकदा वाजवलं असतं — मी काय, मी उघडलं नसतं का — मूर्ख. मूर्ख मुलगी. असं कुणी बसून राहतं का? एवढं दुखत असताना कुणी असं बसून राहतं का?

किती वाजले? — पाच होऊन गेले? बघ नीट. घड्याळ पुढं असेल तुझं. — नाही? मग झालं. संपलं.

काय बघतोस? डोळे पूस आधी. ड्रॉवरला हात लावू नकोस, नकोय मला गोळी. जा. बाहेर बस. मी बोलावीन.